चेर्नोबिल आणि फुकुशिमा एकच समजू नका

गुजरातमधल्या काकरापार अणुवीज केंद्राची काही बातमी आली की नवापूर-नंदुरबारकडचे ग्रुप लगेच "आपलं पण चेर्नोबिल होणार" म्हणून भरतात, खाली कोणीतरी फुकुशिमाचे फोटो टाकतं, आणि दोन्ही अपघात एकच असल्यासारखी चर्चा चालते. काळजी बरोबरच आहे, आपलीच तापी पुढे तिथून जाते. पण दोन्हीकडचा दोष वेगळा होता भाऊ.

चेर्नोबिलला रिअॅक्टर बंदच करता आला नाही. २६ एप्रिल १९८६, आरबीएमके नावाचं सोव्हिएत डिझाइन. त्यात पाण्याची वाफ झाली की रिअॅक्शन मंदावण्याऐवजी वाढायची, आणि रिअॅक्शन थांबवणाऱ्या कंट्रोल रॉडच्या खालच्या भागाला ती वाढवणारं ग्रॅफाइट, म्हणजे इमर्जन्सी बटण दाबल्यावर रॉड खाली जाताना सुरुवातीला तळाशी पॉवर उलट वाढली, शिवाय रॉड पूर्ण आत जायला १८-२० सेकंद लागायचे. सगळ्याला धरून ठेवणारं भक्कम कंटेनमेंट, म्हणजे बाहेरचं आवरण, नाही. ऑपरेटरांनी नियम मोडले हे खरं, पण रॉडचा हा दोष १९८३ मध्येच लिथुआनियातल्या इग्नालिना अणुकेंद्रात दिसला होता आणि बटण दाबणाऱ्यांना तो नीट सांगितलाच नव्हता, हे मला जास्त गंभीर वाटतं.

फुकुशिमात उलट. ११ मार्च २०११ ला भूकंप होताच चालू असलेले तिन्ही रिअॅक्टर आपोआप बंद झाले. पण भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रात कोळसा थांबवला की बॉयलर निवत जातो तसं इथं होत नाही, बंद केल्या क्षणीही इंधनात पूर्ण क्षमतेच्या ६-७ टक्के उष्णता तयार होतच असते आणि पाणी फिरवत राहावंच लागतं. बाहेरची वीज भूकंपातच गेली, त्सुनामी आली १४-१५ मीटरची आणि तयारी होती ५.७ मीटरची, बहुतेक डिझेल जनरेटर आणि स्विचबोर्ड खालच्या मजल्यांवर, ते बुडाले. इंधन वितळलं, हायड्रोजन साठला, इमारती उडाल्या.

काकरापारचं डिझाइन आरबीएमके नाही, जड पाण्याचं आहे, आणि झटपट बंद करायच्या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. आपल्याला धास्ती थंड करण्याची हवी. जून १९९४ मध्ये अतिवृष्टीनं तिथल्या टर्बाइन इमारतीत पाणी शिरलं होतं, रिअॅक्टर तेव्हा बंद होता म्हणून बरं. तारापूरचे पहिले दोन रिअॅक्टर तर १९६९ चे, फुकुशिमाच्याच बॉयलिंग वॉटर (रिअॅक्टरमध्येच पाणी उकळणाऱ्या) प्रकारातले आणि त्याहून जुने.

म्हणून विचारायचंच असेल तर हे विचारा: जनरेटर किती उंचीवर आहेत, बॅटरी किती तास टिकते, आणि सगळंच गेलं तर बाहेरून पंप जोडायची सोय कुठे आहे, तिची ड्रिल पावसाळ्यात होते का?