‘समुपदेशन’: मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत हा शब्द आला कसा?

जुलै २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने सांगितले, की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. आमच्या भागातल्या कॉलेजांत त्यावर पहिले उत्तर आले ते, ‘आपल्याकडे समुपदेशन कक्ष आहे ना’. कक्ष होताच. दारावर पाटीही होती. त्या पाटीमागे नेमके काय होते, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

फार मागे जायची गरज नाही. १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय आले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले आणि खेड्यातला मुलगा पहिल्यांदा घरापासून दूर वसतिगृहात राहू लागला. त्याची काळजी म्हणजे फी, खोली आणि जेवण. ‘कमवा व शिका’ आले ते याच विचारातून. ते चूक नव्हते, कारण उपाशी पोराला आधी भाकरीच लागते. मनाचे काही बिनसले तर मात्र बोलीत एकच शब्द होता, ‘येरवडा’. राज्यात सरकारी मनोरुग्णालये चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. नांदेडहून येरवडा चारशे किलोमीटरच्या पलीकडे, आणि तिथे जाऊन आलेल्या घरावर कायमचा शिक्का. त्यापेक्षा देवऋषी जवळचा, दर्गा जवळचा, ‘भानामती झाली’ म्हणून मोकळे होणे सोपे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली. माणसे गणपती विसर्जन करून नुकती झोपली होती. वाचलेल्यांच्या मनावर काय परिणाम झाला याची पाहणी झाली, आणि ‘मानसिक आघात’ हा शब्द आमच्याकडच्या सरकारी कागदांत ठळकपणे आला. पुनर्वसनाच्या घरांबरोबर तो तिथेच थांबला, कॉलेजपर्यंत पोचला नाही. त्याच दशकात लातूर पॅटर्नचे नाव राज्यभर झाले: सराव परीक्षांचा मारा, गुणांनुसार तुकड्या, निकालाच्या दिवशी फोटोंचे फलक. त्या फलकावर नसलेल्या पोरांची नोंद कुणी ठेवली नाही. २०२५ च्या आदेशात गुणांवरून तुकड्या पाडू नका आणि चारचौघांत अपमान करू नका, असे स्पष्ट म्हटले आहे. ते वाचताना मला ते फलकच आठवले.

आता मूळ गुंत्याकडे, म्हणजे शब्दाकडे. ‘समुपदेशन’ हा शब्द आमच्या विद्यार्थ्याच्या कानावर कुठे कुठे पडतो, ते बघा. आयटीआयच्या प्रवेशात शेवटची ‘समुपदेशन फेरी’ असते. तिथे जागा वाटतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होण्याआधी ‘समुपदेशनाने’ व्हायच्या. तिथे गावे वाटली जायची. नीटनंतरचे ‘कौन्सिलिंग’ म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम. पेपरात बातमी येते, ‘पोलिसांनी मुलांचे समुपदेशन करून पालकांच्या ताब्यात दिले’; म्हणजे दम देऊन सोडले. शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ आहे. शिवाय जिथे जिथे तो भेटतो तिथे समोरचा माणूस काहीतरी ठरवून देतो, वाटून देतो किंवा सुनावतो. ऐकून घेणारा कुठेच नाही. मग ज्या पोराला रात्र-रात्र झोप नाही, त्याने त्या पाटीखाली का यावे?

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी असा कक्ष सात वर्षे सांभाळला. माझा विषय इतिहास. आदेशावर शब्द होते ‘अतिरिक्त कार्यभार’. खोलीत निम्म्या जागेत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, उरलेल्यात टेबल आणि दोन खुर्च्या. टेबलावर वही, वहीत चार रकाने: दिनांक, नाव, समस्या, दिलेला सल्ला. बीएस्सी दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही घ्यायला आला. सही झाली तरी उठेना. मग म्हणाला, ‘सर, वाचलेलं ध्यानातच राहीना गेलंय. रातभर झोप न्हाई.’ मी चौथ्या रकान्यात लिहिले, ‘वेळापत्रक करून अभ्यास करावा.’ वहीने तेवढेच विचारले होते आणि मला तेवढेच येत होते. पुढच्या सहीसाठी तो दुसऱ्या सरांकडे गेला. ती ओळ मला अजून सलते.

हे माझ्या एकट्याच्या कॉलेजचे नव्हते. अकराव्या पंचवार्षिक योजनेत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात महाविद्यालयीन समुपदेशन आले, पण ते जिल्हा रुग्णालयाच्या खात्यात. कॉलेज शिक्षण खात्यात. मधला पूल कुणाचाच नाही. बोर्डाचे समुपदेशक असतात, पण ते दहावी-बारावीच्या परीक्षेपुरते. २०१७ मध्ये कॉलेजांच्या मूल्यांकनाचा आराखडा बदलला आणि ताणाच्या प्रश्नांसाठी एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी, हे प्रमाण विचारले जाऊ लागले. एकूण विद्यार्थी भागिले एकूण शिक्षक, झाले प्रमाण. त्या शिक्षकांत तासिका तत्त्वावरचेही आले. ज्यांचा स्वतःचा पगार महिनोन्‌महिने अडकतो, त्यांनी पन्नास पोरांचा ताण ऐकायचा.

कायद्यानेही इथे हात आखडता घेतला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र ताणाखाली होता असे धरावे, हे त्याने सांगितले. फार मोठी गोष्ट. पण मानसिक आरोग्य व्यावसायिक कोण, याच्या व्याख्येत मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका, मनोविकार समाजकार्यकर्ते असे सगळे आले आणि ‘समुपदेशक’ हे नाव राहून गेले. म्हणूनच नव्या आदेशातल्या ‘पात्र’ या शब्दावर स्टाफरूममध्ये वाद पेटतो. बीए मानसशास्त्र चालेल का? चार दिवसांचे प्रशिक्षण पुरेल का? माझे मत सरळ आहे: आदेशात किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे दाखवता येईल असे प्रशिक्षण म्हटले आहे, तेव्हा इतिहासाच्या मास्तरला प्रमाणपत्र चिकटवून ते भागणार नाही.

दुष्काळाची वर्षेही विसरता येत नाहीत. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला, त्यात अख्खा मराठवाडा. आशाताई शेतकऱ्याच्या दारात जाऊन विचारपूस करू लागल्या. त्याच शेतकऱ्याची मुलगी शहरात खोली करून राहत होती. गावाकडून एसटीने येणारा डबा बंद झाला की घरात काय चालले आहे ते तिला न सांगता कळायचे. तिच्या दारात कुणी आले नाही. परीक्षा शुल्क माफ झाले, एसटीचा पास मोफत झाला. त्याने कित्येक पोरी शिकत राहिल्या, हे खरे आहे.

टाळेबंदीनंतर गोष्टी भराभर आल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक सुरू झाला, मराठीतही बोलता येते. एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे, मार्च २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांवर राष्ट्रीय कृती दल, जुलैत आदेश. जालन्यासाठी प्रादेशिक मनोरुग्णालयही मंजूर झाले.

कायम विनाअनुदानित कॉलेजात या समुपदेशकाचा पगार कोणत्या शीर्षाखाली निघणार, यावर मात्र अजून कुणी बोलत नाही. आमच्या जुन्या कॉलेजातल्या वहीत चौथा रकाना आजही ‘दिलेला सल्ला’ असाच आहे. परवा गेलो तेव्हा प्राचार्यांना म्हटले, निदान तो तरी खोडा आणि तिथे ‘पुन्हा कधी भेटायचे’ असे लिहा.