एकल-वापरकर्ता सवय (डेस्कटॉप सुरक्षा)

संगणकावर प्रशासकाचे (अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे काहीही बदलता येण्याचे) अधिकार असलेले एकच खाते ठेवून सगळी कामे त्यातूनच उरकण्याची पद्धत. 'मशीन माझे, वापरणारा मी एकटा, मग दुसरे खाते कशाला?' हा त्यामागचा हिशेब. तो चुकतो, कारण चालू झालेला प्रत्येक प्रोग्राम चालवणाऱ्याचे अधिकार घेऊन चालतो. ईमेलमधून बिल म्हणून आलेली बनावट फाइलसुद्धा.

सवय जुनी आहे. एमएस-डॉस (१९८१) आणि विंडोज ९५-९८ मध्ये फाइलींना मालक हा प्रकारच नव्हता. विंडोज एनटीने (१९९३) परवानग्या आणल्या, तरी घरोघरी पोचलेल्या विंडोज एक्सपीत (२००१) सुरुवातीलाच तयार होणारे खाते प्रशासकाचे असे आणि पासवर्डची सक्ती नसे. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून वाढीव अधिकारांसाठी संमतीची खिडकी येऊ लागली. प्रशासकाच्या खात्यात तिथे नुसते 'होय' दाबून भागते, साध्या खात्यात मात्र प्रशासकाचा पासवर्ड टाइप करावा लागतो. न वाचता 'होय' दाबायची सवय बोटांना किती लवकर लागते, हे वेगळे सांगायला नको.

बदल करताना क्रम महत्त्वाचा. आधी नवे प्रशासक खाते उघडावे, त्याला पासवर्ड द्यावा, त्यातून एकदा लॉगिन करून पाहावे. मगच रोजचे खाते 'स्टँडर्ड' करावे. फाइली हलवाव्या लागत नाहीत. मात्र काही इन्स्टॉलर प्रशासकाचा पासवर्ड दिल्यावर आपल्या सेटिंग प्रशासकाच्याच प्रोफाइलमध्ये (त्या खात्याच्या फोल्डरमध्ये) टाकतात आणि रोजच्या खात्यात प्रोग्राम अर्धवट बसल्यासारखा वागतो.

लिनक्सवर चूक उलट्या बाजूने होते. खिडकीचा एखादा प्रोग्राम 'सुडो' (sudo, तात्पुरते प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून उघडला, की त्याच्या सेटिंगच्या फाइली आपल्या होम फोल्डरमध्येच रूटच्या (लिनक्सच्या प्रशासकाच्या) नावे तयार होऊ शकतात. पुढच्या वेळी तोच प्रोग्राम साध्या खात्यातून काही जतन करू शकत नाही. असे '.एक्सऑथॉरिटी' (.Xauthority, पडद्यावर खिडक्या उघडण्याची परवानगी ठेवणारी) या फाइलीचे झाले तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा समोर येतो. Ctrl-Alt-F३ सारख्या मजकुरी टर्मिनलवरून 'चोन' (chown, फाइलीचा मालक बदलणारी) आज्ञेने मालकी परत केली की गाडी रुळावर येते.

साधे खाते ऑपरेटिंग सिस्टिम वाचवते, कागदपत्रे नव्हे. फोटो, हिशेब, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड हे सगळे त्याच खात्याच्या मालकीचे असते, आणि खंडणीखोर प्रोग्रामला ते कुलूपबंद करायला प्रशासक व्हावे लागत नाही. त्यासाठी बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा आणि घेऊन झाल्यावर तिची केबल काढून ठेवावी.