‘पॅन्स लॅबिरिन्थ’: परी खरी की पोरीच्या मनातली?

मे २००६ मध्ये कान महोत्सवात दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरोचा ‘पॅन्स लॅबिरिन्थ’ संपला, तेव्हा प्रेक्षक वीसेक मिनिटं उभं राहून टाळ्या वाजवत होते म्हणतात. सुवर्णताड हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मात्र केन लोचच्या आयर्लंडवरच्या चित्रपटाला गेला. पुढच्या वर्षी छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि रंगभूषा अशी तीन ऑस्कर मिळाली. परभाषी चित्रपटाचं हुकलं, ते पूर्व जर्मनीतल्या पाळतीवरच्या ‘द लाइव्ह्ज ऑफ अदर्स’ला मिळालं.

‘मोठ्यांसाठीची परीकथा’ हे बिरुद तेव्हापासून चिकटलंय. मला ते आळशी वाटतं. ग्रिमबंधूंच्या सिंड्रेलात सावत्र बहिणी बूट पायात बसावा म्हणून बोट आणि टाच कापून घेतात. परीकथा गोंडस कधी होती?

खरं वजन आहे ते १९४४ या सालात. स्पेनची यादवी १९३९ लाच संपली, पण डोंगरात बंडखोर अजून लढताहेत आणि हुकूमशहा फ्रँकोचा कॅप्टन व्हिदाल त्यांच्या मागावर आहे. फ्रँको १९७५ मध्ये गेल्यावर स्पेननं त्या जखमांवर बोलणं टाळलं. २००० नंतर त्या काळातल्या बळींच्या सामूहिक कबरी उकरायला सुरुवात झाली, डिसेंबर २००७ मध्ये त्या बळींची दखल घेणारा ऐतिहासिक स्मृतीचा कायदा आला. चित्रपट तिथे लागला तो या दोहोंच्या मधे. एका लहान मुलीच्या नजरेतून त्या राजवटीकडे पाहण्याची वाट त्याआधीच पडली होती. व्हिक्टर एरिसेचा ‘द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह’ १९७३ चा, म्हणजे फ्रँको हयात असतानाचा.

(इंग्रजी नावानं एक घोळ केलाय. मूळ स्पॅनिश नावात आहे तो फॉन, अर्धा माणूस, अर्धा बोकड. पॅन हा ग्रीक देव चित्रपटात कुठेच नाही.)

समीक्षकांचा जुना वाद एकच: चित्रपटातली लहान मुलगी, व्हिदालची सावत्र लेक ओफेलिया, हिचं अद्भुत जग खरं की तिच्या मनातलं? शेवटाकडे व्हिदाल तिला गाठतो, तेव्हा त्याला समोरचा फॉन दिसत नाही; मनातलं म्हणणारे यावर बोट ठेवतात. देल तोरो स्वतः ते खरंच मानतो. खडूनं भिंतीवर आखलेल्या दारावाचून कोंडलेली पोरगी कॅप्टनच्या खोलीत पोचलीच नसती, हा त्याचा पुरावा. मला त्याहून पटतो तो मँड्रेक या जादुई मानल्या गेलेल्या वनस्पतीच्या मुळीचा पुरावा. गरोदर आईच्या खाटेखाली दुधाच्या वाडग्यात ओफेलिया ती ठेवते, रक्ताचे दोन थेंब घालते आणि आईला उतार पडतो. व्हिदालला ती मुळी सापडते. आई ती आगीत टाकते, मुळी किंचाळते आणि आई पोट धरून कोसळते.