मोशाव आणि मोशावा: फरक एका कान्याचा नाही

मोशाव आणि मोशावा हे दोन्ही हिब्रू शब्द. दोन्हींचा अर्थ आजच्या इस्रायलमधलं ज्यू शेतकऱ्यांचं गाव, म्हणून लिहिताना एकाच्या जागी दुसरा सर्रास पडतो. खरा फरक कळायला एकच प्रश्न पुरतो: जमीन कुणाच्या नावावर?

मोशावा आधीची, उस्मानी तुर्कांच्या राजवटीतली. पेताह तिकवा १८७८ची, रिशोन लेझिओन १८८२ची. इथे जमीन विकत घेतलेली, मालकी खासगी, आणि मजूर लावायला कसलीही आडकाठी नाही. रिशोनच्या रेताड जमिनीत पाणी लागेना. फ्रान्समधले धनाढ्य ज्यू बॅरन एडमंड द रोथशिल्ड यांनी पैसा पुरवला, खोल विहीर खणली गेली, तेव्हा गाव तगलं. पुढे द्राक्षमळे आणि वाइनचा कारखाना उभा राहिला. पण पैशामागून बॅरनचे कारभारी आले आणि कोणतं पीक घ्यायचं हेही तेच ठरवू लागले.

मोशाव याच अनुभवाला उत्तर म्हणून जन्मला. पहिला नहलाल, सप्टेंबर १९२१, इझ्रेल खोऱ्यातल्या मलेरियाच्या दलदलीत. दलदलीचा निचरा आधी, शेती नंतर. जमीन ज्यू राष्ट्रीय निधीची, म्हणजे ज्यूंच्या वसाहतींसाठी जमीन विकत घेणाऱ्या संस्थेची; शेतकऱ्याकडे ती भाडेपट्ट्याने. मजूर लावायचे नाहीत, असा सुरुवातीचा नियम. आपल्या कुटुंबाला कसता येईल तेवढंच रान. नहलालमध्ये ८० कुटुंबं, प्रत्येकी साधारण १०० दुनाम. एक दुनाम म्हणजे आपले जवळपास दहा गुंठे, म्हणजे घरटी पंचवीसेक एकर. बी-खताची खरेदी आणि मालाची विक्री सहकारी, पण घर, गोठा आणि नफा ज्याचा त्याचा. किबुत्झ या सामुदायिक शेतीवसाहतीत हेही सामाईक असे, तिथे मोशाव वेगळा पडतो.

नकाशावरही फरक दिसतो. जुन्या ‘मोशावा’ गावांत बहुधा एक सरळ रस्ता, दुतर्फा घरं, मागे मळे. वास्तुकार रिचर्ड काउफमन यांनी आखलेलं नहलाल मात्र वर्तुळाकार: मध्यभागी सार्वजनिक इमारती, भोवती घरं, आणि प्रत्येक घरामागून बाहेरच्या बाजूला रुंदावत गेलेलं शेत. अर्थात, प्रत्येक मोशाव गोल नसतो. नुसत्या आकारावर भिस्त ठेवली तर चूक होते.

वारसाहक्काचा नियम सातबारा वाचणाऱ्याला लगेच उमजेल. ‘मोशाव’मधल्या जमिनीच्या वाटण्या होत नाहीत. एकच वारस ती पुढे चालवतो. खासगी मालकीच्या ‘मोशावा’ गावांत जमीन तोडून विकता येत होती, म्हणून पेताह तिकवा आणि रिशोन आज भलीमोठी शहरं आहेत. नहलाल अजून गावच आहे.

‘मोशाव’चा कच्चा दुवा त्याच्या सहकारातच होता. सभासद एकमेकांच्या कर्जाला जामीन. १९८०च्या दशकात इस्रायलमध्ये महागाई शेकड्यांच्या टक्क्यांत गेली, व्याजं भडकली, आणि नेटाने हप्ते फेडणारा शेतकरीही शेजाऱ्याच्या थकबाकीत बुडाला. कर्जाची तडजोड करायला १९९२मध्ये सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला.