संमीलन भट्टीतील कार्बन निक्षेप

टोकामॅकसारख्या अणुसंमीलन भट्टीत, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा (अतितप्त आयनीभूत वायू) कोंडून ठेवणाऱ्या यंत्रात, ग्रॅफाइटच्या भिंतीची झीज होऊन सुटलेला कार्बन हायड्रोजनच्या समस्थानिकांसह (ड्यूटेरियम व ट्रिटियम, हेच भट्टीचे इंधन) पुन्हा साचतो आणि त्याचे पातळ, अस्फटिकी थर तयार होतात. या थरांना कार्बन निक्षेप म्हणतात. थर फार पातळ असेल तर प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे त्यावर रंगीत पट्टे दिसतात. जाड झाला की तो तपकिरी किंवा काळा होतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात.

भिंतीसाठी कार्बन निवडण्यामागे सबळ कारणे होती. तो वितळत नाही, अतितप्त झाल्यास त्याचे थेट संप्लवन होते (घनातून सरळ वायू बनतो). शिवाय त्याचा अणुक्रमांक ६ इतका कमी असल्याने त्याचे थोडे अणू प्लाझ्मात मिसळले तरी प्रारणावाटे होणारा ऊर्जानाश जड धातूंच्या मानाने बराच कमी राहतो. मात्र हायड्रोजनशी त्याची रासायनिक अभिक्रिया सहज होते. वेगवान आयनांच्या माऱ्याने पृष्ठभागावरील अणू उडतात हे खरेच, परंतु त्या माऱ्याची ऊर्जा अगदी कमी असतानाही मिथेन व इतर हायड्रोकार्बने तयार होऊन भिंत झिजत राहते. प्लाझ्मात या रेणूंचे तुकडे होतात आणि ते दुसरीकडे जाऊन चिकटतात. त्यांपैकी काही डायव्हर्टरच्या (प्लाझ्मातून बाहेर पडणारी उष्णता व कण झेलणाऱ्या भागाच्या) मागील थंड फटींत, म्हणजे प्लाझ्मा जेथे कधीच पोचत नाही अशा जागी, साचतात.

या निक्षेपांचा खरा धोका त्यांत अडकणाऱ्या इंधनात आहे. घन ग्रॅफाइटमध्ये आयन घुसून राहण्याला मर्यादा असते आणि पृष्ठभाग लवकरच संपृक्त होतो. निक्षेप मात्र कार्बन येत राहील तोवर वाढतो व प्रत्येक नव्या थराबरोबर ड्यूटेरियम आणि ट्रिटियम गाडले जाते. कठीण थरांत दर दहा कार्बन अणूंमागे हायड्रोजनचे सुमारे चार अणू असतात, मऊ थरांत हे प्रमाण एकास एकच्या आसपास जाते. ट्रिटियम किरणोत्सर्गी असून त्याचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे आहे. ते दुर्मिळही आहे, म्हणून त्याचा प्रत्येक ग्रॅम हिशेबात धरावा लागतो. इंग्लंडमधील कलहॅम येथील जेट या यंत्रात १९९७ च्या प्रयोगांत सुमारे ३५ ग्रॅम ट्रिटियम सोडण्यात आले. त्यातील जवळजवळ एक तृतीयांश प्रयोगांअखेर आतच राहिले आणि शुद्धीकरणानंतरही सुमारे ६ ग्रॅम निघाले नाही. आतल्या डायव्हर्टरच्या कोपऱ्यातील थंड पट्ट्यांवर ट्रिटियमयुक्त पापुद्रे आढळले. वीजनिर्मितीच्या भट्टीला असे नुकसान परवडणारे नाही.

थर काढण्यासाठी तापवणे, ऑक्सिजनने जाळणे, लेसरचा मारा असे उपाय तपासले गेले आहेत. ऑक्सिजन थर जाळतो, पण भट्टीतील इतर धातूंचेही ऑक्सिडीभवन करतो; लेसरचा किरण फटींच्या आत पोचत नाही. सुटलेले पापुद्रे धूळ होऊन उडतात, तर निरीक्षणासाठी बसवलेल्या आरशांवर थर चढल्यास त्यांची परावर्तनक्षमता बदलते व मोजमापे बिघडतात.

या अडचणींमुळे धातूंच्या भिंतींकडे कल वळला. जेटमध्ये २०११ पासून बेरिलियम व टंगस्टनची भिंत वापरात आली आणि अडकणाऱ्या इंधनाचे प्रमाण दहा पटींहून अधिक घटले. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या आयटर प्रकल्पाने २०१३ मध्ये सुरुवातीपासूनच टंगस्टनचा डायव्हर्टर बसवण्याचा निर्णय घेतला. जर्मनीतील वेंडेलस्टाइन ७-एक्स या यंत्रात कार्बनचा डायव्हर्टर वापरला जातो. तेथे ट्रिटियम नसल्यामुळे इंधन गाडले जाण्याचा प्रश्न तितका तीव्र होत नाही.