धान्याच्या पोत्यापासून मोबाइलवरच्या शिलिंगपर्यंत : केनियातल्या थेट रोख मदतीची पार्श्वभूमी

केनियाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला सियाया नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. लुओ समाजाची वस्ती, मक्याची शेती, मातीच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. गरिबाच्या हातात कोणतीही अट न घालता रोख रक्कम दिली तर त्याच्या घरात काय होतं, याचं इतकं बारीक मोजमाप जगात फार थोड्या ठिकाणी झालं असेल. मदत कोणाला द्यायची हे ठरवण्याची सुरुवातीची कसोटीही साधी होती : छप्पर गवताचं की पत्र्याचं? गवताचं असेल तर घर यादीत.

ही कसोटी वाटते तितकी वरवरची नाही. गवताचं छप्पर एक-दोन वर्षांत कुजतं, गळतं, पुन्हा शाकारावं लागतं. गवत आणा, मजूर लावा, पावसाच्या आत उरका. पत्रा एकदा घातला की बरीच वर्षं बघायला नको, शिवाय त्यावरून पावसाचं पाणी धरता येतं. हिशेबाने पत्राच स्वस्त पडतो, हे तिथल्या कोणालाही ठाऊक आहे. अडचण एवढीच की पत्र्याचे पैसे एकदम लागतात आणि गवताचे थोडे थोडे. गरिबी महाग पडते ती अशी. मक्याचंही तेच. सुगीला भाव पडलेले असताना पोती विकायची, कारण शाळेची फी भरायची असते; आणि चार-सहा महिन्यांनी तोच मका चढ्या भावाने विकत आणायचा. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको.

मदत म्हणून थेट पैसे द्यावेत, हा विचार मात्र फार उशिरा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर गरीब देशांना मदत म्हणजे प्रामुख्याने धान्य. अमेरिकेने १९५४ साली पीएल-४८० कायदा केला, त्यात आपल्या शेतकऱ्यांचं जास्तीचं धान्य खपवण्याची सोयही होती. ती जहाजं भारतातही आली. महाराष्ट्रात १९७२चा दुष्काळ पाहिलेल्यांना परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी अजून आठवते, आणि कोणी तिचं कौतुक करत नाही. भुकेल्याला अन्न द्यावं, यात चूक काय, असं वाटणं साहजिक होतं. १९८१मध्ये अमर्त्य सेन यांनी या समजुतीच्या मुळावरच बोट ठेवलं. इथिओपियाच्या वोलो प्रांतात १९७३च्या दुष्काळात लोक मरत होते, तेव्हा धान्याचे भाव फारसे चढलेले नव्हते आणि काही धान्य तर तिथून बाहेर जात होतं. बाजारात धान्य होतं. घेण्याची ऐपत उरली नव्हती.

तरीही देणाऱ्यांचा हात पैशाकडे सहजी वळला नाही. मेक्सिकोने १९९७मध्ये प्रोग्रेसा योजना सुरू केली, ती अटींसह : मुलं शाळेत जायला हवीत, दवाखान्यात तपासणी व्हायला हवी, पैसे आईच्या नावावर. आफ्रिकेत अटींचा हा बडेजाव परवडणारा नव्हता. झांबियाच्या कालोमो जिल्ह्यात २००३-०४च्या सुमारास जर्मन मदतीतून एक प्रयोग झाला. एड्सने घरातली कमावती पिढी गेली होती. उरल्या होत्या आज्या आणि नातवंडं. त्यांच्याकडून कसली अट पाळून घेणार? महिन्याला जेमतेम मक्याच्या एका पोत्याएवढी रक्कम दिली गेली. केनियानेही २००४मध्ये अनाथ मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांसाठी रोख योजना लहान प्रमाणात सुरू केली. या सगळ्यात पैसे पोहोचवणं हीच डोकेदुखी होती. रोकड गाडीतून न्या, लोकांना रांगेत उभं करा, अंगठे घ्या, आणि मधे कोण किती गिळतो त्यावर लक्ष ठेवा.

ही गाठ सोडवली ती कोणत्याही मदतसंस्थेने नाही, तर एका मोबाइल कंपनीने. सफारीकॉमने मार्च २००७मध्ये एम-पेसा सुरू केलं. साधा बटणांचा फोन, बँकेत खातं नाही, तरी पैसे पाठवता-घेता यायला लागले. नैरोबीत नोकरी करणारा मुलगा गावी आईला पैसे पाठवू लागला, आणि आई टपरीवरच्या एजंटाकडे पिन टाकून ते काढू लागली. मूळ उपयोग हाच. मदत देणारे त्यावर नंतर स्वार झाले.

गिव्हडायरेक्टली ही संस्था त्यातलीच. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी आधी आपापसांत पैसे जमवून ती चालवली, २०११पासून ती सर्वांच्या देणग्या घेऊ लागली. पद्धत अशी : माणूस घरी येऊन नोंदणी करतो, दुसरा येऊन ती पडताळतो, ज्याच्याकडे फोन नाही त्याच्या फोनची सोय होते आणि एक दिवस मोबाइलवर मेसेज येतो. पैशाचं काय करायचं, हे कोणी विचारत नाही.

सियायातल्याच रारिएडा भागात योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो यांनी या मदतीचा अभ्यास केला. शापिरो स्वतः संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, हे लक्षात ठेवायला हवं. गाजलेला निष्कर्ष म्हणजे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. मला त्याहून दुसरा जास्त बोलका वाटतो. ज्यांना रक्कम दरमहा थोडी थोडी मिळाली त्यांच्या घरी जेवणाची ददात कमी झाली. ज्यांना एकदम मिळाली त्यांनी पत्रे घातले, गुरं घेतली. पैसा तेवढाच, पण त्याच्या आकाराने घरातला निर्णय बदलला. पैसे नवऱ्याला की बायकोला, हेही चिठ्ठी टाकून ठरवलं होतं आणि त्याने फारसा फरक पडला नाही. लाडक्या बहिणीच्या खात्यावर चर्चा करणाऱ्या आपल्या राज्यात हे कोणी फार ऐकलेलं दिसत नाही. अर्थात एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा लागू होईलच असं नाही.

त्याच अभ्यासातून एक खटकणारी गोष्टही पुढे आली : ज्यांना पैसे मिळाले नाहीत असे शेजारी आपल्या आयुष्याबद्दल आधीपेक्षा नाराज झाले. शेजारच्या घरावर नवे पत्रे चमकायला लागल्यावर दुसरं काय होणार? म्हणून पुढचा अभ्यास गावागावांची तुलना करूनच आखला गेला. २०१४ ते २०१७ या काळात सियायातल्या ६५३ गावांत सुमारे १०,५०० कुटुंबांना प्रत्येकी ८७,००० शिलिंग मिळाले. आधी ७,०००, दोन महिन्यांनी ४०,०००, आणि पुढे सहा महिन्यांनी उरलेले ४०,०००. कुटुंबाच्या वर्षभराच्या खर्चाच्या पाऊणपट रक्कम. एवढा पैसा ओतल्यावर भाव भडकतील, ही भीती होती. भाव सरासरी ०.१ टक्के वाढले. उलट, दिलेल्या प्रत्येक शिलिंगमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच शिलिंगांची भर पडली, कारण पत्रे ठोकणारा सुतार, पिठाची गिरणी, किराणा दुकान ही सगळी गावातलीच. ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्यांचाही खर्च वाढला.

सगळं असं सुरळीत झालं नाही. शेजारच्या होमा बे काउंटीत २०१५मध्ये जवळपास ४५ टक्के कुटुंबांनी पैसे घ्यायलाच नकार दिला. फुकट कोण देतं? हा सैतानाचा पैसा आहे, अशी अफवा पसरली होती. आयुष्यभर राजकारणी आणि मदतवाल्यांची आश्वासनं ऐकलेल्या माणसाची ती शंका मला अडाणीपणाची वाटत नाही. आणि पूर्व काँगोत २०२२पासून संस्थेच्याच काही स्थानिक कर्मचाऱ्यांनी लाभार्थ्यांच्या सिमकार्डांत हेराफेरी करून सुमारे ९ लाख डॉलर लाटले. संस्थेने ते स्वतःच जाहीर केलं. मधला माणूस गेला असं म्हणतात, पण नोंदणी करणारा माणूस उरतोच.

पुढचा मोठा प्रयोग २०१८च्या सुमारास सियाया आणि बोमेट काउंट्यांमध्ये सुरू झाला. ४४ गावांतल्या प्रौढांना १२ वर्षं दरमहा साडेबावीस डॉलर, काही गावांना तेवढेच पण दोनच वर्षं, तर काहींना साधारण ५०० डॉलर एकरकमी. त्यामागच्या संशोधकांत नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आहेत. जन्म मुंबईचा, आई निर्मला पूर्वाश्रमीच्या पाटणकर. २०२३मध्ये आलेल्या निकालांत लोक आळशी झाल्याचं दिसलं नाही. मजुरी सोडून स्वतःचा धंदा करणारे वाढले. दोनच वर्षांचे मासिक हप्ते एकरकमी आणि १२ वर्षांच्या मदतीच्या मानाने फिके ठरले. १२ वर्षांचा भरवसा असलेले लोक मात्र गावातल्या भिशीत हप्ते टाकून स्वतःच एकरकमी पैसा उभा करत होते.

२०२५मध्ये सियायाच्या जुन्या गावांचीच आणखी एक आकडेवारी आली. मदत मिळालेल्या घरांत एक वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू जवळपास निम्म्याने, ४८ टक्क्यांनी, कमी झाले होते. बाळंतपणाच्या आगेमागे पैसे हातात असले तर बाई शेवटच्या महिन्यांत शेतावर राबायची थांबली, घरात दोन घास जास्त आले, प्रसूती दवाखान्यात झाली. पण हा फायदा मुख्यतः जिथे डॉक्टर असलेला दवाखाना अर्ध्या तासाच्या वाटेवर होता तिथला. त्याच वर्षी १ जुलैला अमेरिकेची यूएसएड ही मदतसंस्था अधिकृतपणे बंद झाली. एचआयव्हीचं प्रमाण देशात सर्वाधिक असलेल्या काउंट्यांमध्ये सियाया मोडते, आणि केनियातल्या एचआयव्ही उपचारांचा मोठा भार अनेक वर्षं अमेरिकी पैशावरच होता.