इंग्रज-मराठा युद्धं आणि माळवा-गुजरातेतली मराठी संस्थानं

दुसऱ्या (१८०३-०५) आणि तिसऱ्या (१८१७-१८) इंग्रज-मराठा युद्धानंतर ग्वाल्हेरचे शिंदे, इंदूरचे होळकर आणि बडोद्याचे गायकवाड यांचं बळ कसं कमीजास्त झालं, त्याची ही नोंद. पेशवाई बुडाली, कंपनी सरकार माजलं, हे सगळ्यांना पाठ असतं, त्यात शिरत नाही. पण ही तिन्ही घराणी सारखीच खाली आली नाहीत, आणि रणात जो जास्त हरला तोच पुढे जास्त दुबळा राहिला असंही दिसत नाही. तहात काय लिहून दिलं, डोक्यावर कर्ज किती होतं, पगार थकलेल्या फौजेचं काय केलं, बरंचसं यावरच ठरलं.

शिंदे : महादजींनी युरोपियन सेनानी द बॉयनकडून उभ्या करवलेल्या कवायती पलटणी १८०३ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात दिल्ली, असई, लासवारी, आडगाव इथे संपल्या, आणि ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहात गंगा-यमुना दुआब, भडोच, अहमदनगर गेलं. तरी तिघांत मोठं राज्य त्यांचंच उरलं. दौलतरावांनी साधारण १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी टाकली, तोच आजच्या ग्वाल्हेर शहरातला ‘लश्कर’ हा भाग. नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांशी तह करून ते तिसऱ्या युद्धातून बाजूला राहिले. खरी मान मोडली ती नंतर, २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनियार इथे एकाच दिवशी झालेल्या लढायांत. त्यानंतर दरबारची फौज नऊ हजारांवर आणली गेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कंटिन्जंटचा खर्च मात्र ग्वाल्हेरच्याच माथी राहिला. १८५७ ला बंडात उतरलं ते हेच कंटिन्जंट. इंग्रजांकडे गेलेला ग्वाल्हेरचा किल्ला परत मिळायला १८८६ उजाडलं, तोही झाशी शहर देऊन.

होळकर : यशवंतरावांनी इंग्रज सेनानी मॉन्सनला १८०४ मध्ये पळवलं, त्यामुळे राजघाटचा तह (डिसेंबर १८०५) त्यांना त्या मानाने सोपा गेला. पण १८११ मध्ये भानपुऱ्याला ते वारले आणि दरबार फौजेच्या हातात गेला. पगार महिनोन्महिने थकलेला, गादीवर मल्हारराव, वय अकराच्या आसपास, कारभार तुळसाबाईंकडे, आणि त्या इंग्रजांशी बोलणी करतात या संशयावरून महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी त्यांचा खून झाला.

महिदपूर (२१ डिसेंबर १८१७) का हरलो यावर आमच्या इंदुरात अजून वाद होतो. क्षिप्रेच्या पलीकडे होळकरांच्या तोफा रांगेने लावलेल्या, इंग्रजांना समोरून, उथळ पाण्यातून नदी ओलांडायला लागली आणि ते चांगलेच भाजून निघाले. गोलंदाज शेवटपर्यंत तोफांपासून हटले नाहीत, तिथेच संगिनींनी कापले गेले, हे शत्रूनेही लिहून ठेवलंय. घोडदळ मात्र लवकर उधळलं. परंपरेने दोष होळकरांचा पठाण सरदार गफूरखान याच्यावर येतो, कारण मंदसोरच्या तहाच्या (६ जानेवारी १८१८) बाराव्या कलमाने त्याला जावरा मिळालं, आणि त्याचा मेहुणा अमीरखान आधीच इंग्रजांशी तह करून टोंक घेऊन बसला होता. दुसरं मत असं की जावऱ्याचे परगणे आधीच गफूरखानाच्या ताब्यात होते, तहाने ते फक्त कायम केले, आणि लढाईचा आग्रह पठाण सरदारांचाच होता. हे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. फितुरी असेल नसेल, पण ज्या फौजेने पगारासाठी स्वतःच्याच दरबाराला ओलीस धरलं ती किती लढणार? इंग्रज सेनानी जॉन माल्कम स्वतः त्या लढाईत होता, म्हणून त्याचं लिखाण कामाचं, पण जिंकणाऱ्याचं आहे एवढं धरून वाचावं.

मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख, खानदेशासकट, गेला, राजपूत राजांवरचे हक्कही गेले. राजधानी महेश्वरहून इंदूरला आली आणि शेजारी महूची छावणी बसली. मात्र उरलेला मुलूख सलग नसला तरी काळ्या मातीचा, कापूस-अफूचा होता, आणि फौजेचा बोजा उतरल्यावर दिवाण तात्या जोग यांनी वसुलीची घडी बसवली. पुढे तुकोजीराव दुसरे यांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, म्हणजे महिदपूरला हरलेला घेणेकरी झाला!

गायकवाड : हे इंग्रजांशी लढलेच नाहीत म्हटलं तरी चालेल, म्हणून काही जण बडोद्याला नफ्यात धरतात. मुलूख वाचला हे खरं. पण १८०२ मध्ये पगारासाठी अडून बसलेल्या अरब शिबंदीला हाकलायला इंग्रज फौज लागली, सावकारांचं देणं भागवायला कंपनीचं कर्ज लागलं, आणि अरब जमादार दरबाराच्या वचनांना जी बहांदरी (हमी) देत ती आता कंपनी देऊ लागली. हमीदार झाला की तो कारभारातही बोलणारच. पेशव्यांशी बोलणी करायला गेलेले बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात १८१५ मध्ये खून झाल्यावर १८१७ च्या पुणे तहाने पेशव्यांचे गायकवाडांवरचे दावे सुटले, हा मोठा फायदा. १८२० मध्ये काठेवाडची खंडणी वसूल करायचं काम मात्र इंग्रजांकडे गेलं. मल्हारराव गायकवाडांना १८७५ मध्ये गादीवरून उतरवलं, त्याची मुळंही याच दखलीत शोधावी लागतात.

धार, देवास : शिंदे-होळकरांच्या लुटीत धारचे पवार जवळजवळ बुडाले होते, १८१९ च्या तहाने त्यांचं राज्य टिकलं. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन्ही पात्यांशी (राजघराण्याच्या शाखांशी) १८१८ मध्ये एकत्रच तह झाला. धार १८५७ नंतर जप्त झालं, १८६० मध्ये परत मिळालं, पण बैरसिया परगणा भोपाळकडे गेला.